आजीच्या शंखात अजून विष असेल का?

प्रश्न: दांडिया बाजारातलं जुनं घर आवरताना आजीच्या फडताळात शंख सापडला, रामेश्वरच्या यात्रेतून आणलेला. बोटाएवढा, निमुळता, तपकिरी-पिवळा, वर पांढऱ्या तंबूंसारखी नक्षी. लेक दिवसभर कानाला लावून बसते. शेजारचे काका म्हणाले, "विषारी आहे, फेकून दे." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. आजीची आठवण आहे, फेकवत नाही हो.

उत्तर १: ताई, फेकू नका! वर्णनावरून हा कोनस टेक्स्टाइल या विषारी समुद्री गोगलगाईचा शंख वाटतो. विष जिवंत गोगलगाईत असतं, रिकाम्या शंखात नाही. ती सोंडेतून पोकळ, विषानं भरलेला दात भाल्यासारखा मारते आणि दुसऱ्या गोगलगायी खाते. काकांची भीती अगदीच खोटी नाही. किनाऱ्यावर जिवंत दिसली तर हात लावू नका; तिच्या विषावर उतारा नाही.

उत्तर २: याच कुळातल्या कोनस मॅगसच्या विषावरून झिकोनोटाइड हे औषध बनलं. अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. मॉर्फिननंही न शमणाऱ्या वेदनांसाठी ते मणक्यातल्या द्रवात देतात. लेकीला हे जरूर सांगा.

प्रश्नकर्ती: आजी शेवटची दोन वर्षं पाठदुखीनं रात्र-रात्र जागायची. शंख धुऊन देवघरात ठेवलाय.