कॅलिफोर्नियातल्या काउंटी कोर्टातली शंभर वर्षांपूर्वीची कागदपत्रं कशी शोधावीत?

मृण्मयी_वाई:
नमस्कार मंडळी. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ १९१२ च्या सुमारास कॅलिफोर्नियाला गेले. घरात त्यांचा उल्लेख 'अमेरिकेचे आजोबा' असाच होतो, पण त्यांना पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही. १९२१ साली स्टॉक्टनहून आलेलं मोडीतलं एक पोस्टकार्ड देवघरातल्या पेटीत आहे, त्यानंतर काहीच नाही. बाबा आता ८४ वर्षांचे आहेत. अमेरिकेच्या आजोबांचं पुढे काय झालं एवढं तरी कळावं, अशी त्यांची फार इच्छा आहे. मे महिन्यात मी तीन आठवडे सॅन होजेला बहिणीकडे असेन. पेसर या अमेरिकी कोर्टांच्या कागदपत्रांच्या साइटवर खातं उघडून नाव टाकलं, काही मिळालं नाही. म्हणजे कोर्टात कागद नाहीतच का? वकील लागतो का?

राजस_फ्रीमाँट:
पेसर फक्त फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टांचं आहे आणि तेही अलीकडच्या खटल्यांचं. काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, कोर्ट त्यात येतच नाही. तिथे दहा सेंट पानाने पैसे घालवू नका. वकील अजिबात लागत नाही. जुने दिवाणी आणि वारसाचे कागद बघायला कुणीही जाऊ शकतं.

नोंदवही:
मृण्मयीताई, मी बरीच वर्षं सॅक्रामेंटोच्या आसपास असे कागद काढतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'काउंटीचं रेकॉर्ड' म्हणून एकच खिडकी नसते. जमिनीची खरेदीखतं आणि गहाणखतं रेकॉर्डरकडे. तिथे देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाने दोन सूच्या असतात; आपल्याकडचं इंडेक्स टू पाहिलं असेल तर लगेच उमगेल. लग्नाचे परवाने काउंटी क्लार्ककडे. खटले, घटस्फोट, मृत्युपत्रं, वारस हे सगळं सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे. हे कॅलिफोर्नियाचं. न्यूयॉर्कमध्ये वारसाचं काम सरोगेट कोर्टात चालतं, लुईझियानात तर काउंटीला पॅरिश म्हणतात. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या कुणाचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका.

तुमच्या कामाची मोठी गोष्ट म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज. त्या काळात ते फेडरल कोर्टाइतकेच काउंटीच्या कोर्टातही होत. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित १९१४ साली तिथल्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टातूनच नागरिक झाले. पुढे नागरिकत्वासाठी लढणाऱ्या भगतसिंग थिंड यांची बाजू सुप्रीम कोर्टात त्यांनीच मांडली. तो निकाल १९ फेब्रुवारी १९२३ ला विरुद्ध गेला, भारतीयांना नागरिकत्व बंद झालं आणि ज्यांना आधी मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सरकार कोर्टात गेलं. पंडितांवरही खटला भरला, पण १९२६ मध्ये अपील कोर्टात ते जिंकले. तुमच्या आजोबांनी अर्ज केला असेल तर पहिला कागद 'डिक्लरेशन ऑफ इंटेन्शन', म्हणजे नागरिक व्हायचा इरादा जाहीर करणारा. पुढे नागरिकत्व मिळालंच नसलं तरी हा कागद असू शकतो, आणि बहुतेक लोक तोच शोधायचा विसरतात. त्यावर जन्मगाव, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख, उंची, केसांचा रंग, अंगावरची खूणसुद्धा लिहिलेली असते. फोटो नसलेल्या माणसाचं याहून जवळचं वर्णन मला कुठल्याच सरकारी कागदात मिळालेलं नाही.

पण आधी काउंटी नक्की करा. स्टॉक्टन सॅन वाकीन काउंटीत येतं, म्हणून लगेच तिथे पत्र टाकू नका. ही माणसं हंगामाप्रमाणे फिरत असत, आणि १९१२ साली स्थापन झालेला स्टॉक्टनचा गुरुद्वारा लांबलांबच्या हिंदुस्थानी लोकांचं उतरायचं ठिकाण होता. पोस्टकार्ड तिथून पडलं म्हणजे राहणं तिथेच होतं असं नाही. १२ सप्टेंबर १९१८ ला १८ ते ४५ वयाच्या ज्या पुरुषांची नोंदणी आधी झाली नव्हती, त्या सगळ्यांना लष्करी भरतीसाठी नाव नोंदवावं लागलं, नागरिक नसले तरी. ती नोंदणीची कार्डं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट दिसतात. तिथून पत्ता घ्या, मग काउंटीकडे वळा.

मृण्मयी_वाई:
इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार! समजा ते तिथेच वारले असतील आणि जवळ कुणीच नसेल, तर कागद तरी कोण करणार?

सुलभामावशी:
अगं, तेव्हाच तर जास्त कागद होतात. वारस नसला की काउंटीचा पब्लिक ॲडमिनिस्ट्रेटर मालमत्ता ताब्यात घेतो आणि कोर्टात प्रोबेटची, म्हणजे मृताच्या मालमत्तेच्या वाटणीची, फाईल उघडते. अशीच एक फाईल मी हाताळली आहे, एका मराठी गृहस्थांची. आत सामानाची यादी होती: एक ट्रंक, दोन घोंगड्या, बंद पडलेलं घड्याळ, बँकेचं पासबुक. आणि मागे दोऱ्याने बांधलेली घरची पत्रं. कुणाला वाचता येत नव्हती म्हणून तशीच ठेवलेली. मी तिथल्या टेबलावर बसून ती वाचली. तिथल्या कर्मचारी बाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा उठवेना.

म्हणून नुसत्या सूचीवर समाधान मानू नकोस. सूचीत एक ओळ असते, खरा ऐवज फाईलमध्ये. केस नंबर लिहून घे आणि अख्खी फाईल माग. जुन्या फाईली बऱ्याचदा दुसऱ्या गोदामात असतात, यायला दिवस लागतात, तेव्हा मेमध्ये जाऊन उभं राहण्यापेक्षा आत्ताच पत्र पाठव. एका पत्रात एकच मागणी, सालं 'अमुक ते अमुक' अशी दे, आणि साधी प्रत माग. शिक्क्याची प्रत महाग पडते आणि तुला तिचा उपयोग नाही. मृत्यूचा दाखला हवा असेल तर 'इन्फर्मेशनल कॉपी' म्हण, ती कॅलिफोर्नियात कुणालाही मिळते.

राजस_फ्रीमाँट:
नावाबद्दल एक. माझ्या चुलत पणजोबांसाठी एका काउंटीने दोनदा 'नोंद नाही' कळवलं. नोंद होती. क्लार्कने मधलं, म्हणजे वडिलांचं, नाव आडनाव समजून घातलं होतं. आपल्या तीन शब्दी नावात हे हमखास होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही आडनावाच्या रकान्यात घालून बघा. जोशींचं 'जोसी' आणि 'जोसे' दोन्ही मी पाहिलंय.

मृण्मयी_वाई:
मंडळी, भरतीच्या नोंदणीचं कार्ड सापडलं! राजस म्हणाले तसंच, आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. पत्ता स्टॉक्टनचा नाहीच, युबा सिटी, सटर काउंटी. धंदा: शेतमजूर. 'जवळचा नातेवाईक' या रकान्यात माझ्या पणजोबांचं नाव आणि खाली 'वाई, सातारा', स्पेलिंग चुकलेलं पण वाचता येतं. सटरच्या क्लार्कला डिक्लरेशनसाठी एक आणि प्रोबेटसाठी एक, अशी दोन वेगळी पत्रं उद्या टाकतेय, तिन्ही नावं लिहून.

कार्डाच्या तळाशी त्यांची सही आहे, मोडीत. मी फोन मोठा करून बाबांना दाखवली. ते काही बोलले नाहीत, पेटीतलं पोस्टकार्ड आणायला सांगितलं आणि दोन्ही शेजारी धरून बराच वेळ बघत बसले.