चर्चा: फ्यूजनच्या गोळीत बर्फ नको, फोम हवा

शिरोली_फाउंड्रीवाला: ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत फ्यूजनसाठी, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढायला, १९२ लेझर झोतांनी इंधनाची गोळी दाबली; २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली, ३.१५ बाहेर आली. टाळ्या वाजवा, हरकत नाही. पण दोनेक मिलिमीटरच्या त्या गोळीत ड्युटेरियम-ट्रिटियमचा, म्हणजे जड हायड्रोजनच्या इंधनाचा, बर्फ सारख्या जाडीचा जमवायला दिवसच्या दिवस जातात. वीजकेंद्राला सेकंदाला दहा गोळ्या धरल्या तर दिवसाला साडेआठ लाखांच्या वर. एक पीस नादखुळा काढणं वेगळं आणि रोज लॉट काढणं वेगळं, हे आमच्या शॉपफ्लोअरवरचा हेल्परपण सांगेल. गोळीला आतून फोमचं अस्तर द्या, द्रव इंधन त्यात आपसूक भिनतं. असला फोम थ्रीडी प्रिंटिंगनं करता येतो.

विद्यापीठ_फिजिक्स: दादा, फोम म्हणजे कार्बन. तापलेल्या इंधनात तो मिसळला की ऊर्जा क्ष-किरणांतून निसटते. हे उत्सर्जन अणुक्रमांकाच्या वर्गानुसार वाढतं. हायड्रोजनचा १, कार्बनचा ६, करा हिशेब. शिवाय बर्फ स्वतःला सपाट करून घेतो: ट्रिटियमच्या किरणोत्सारानं जाड थर जास्त तापतो, तिथलं इंधन उडून पातळ जागी गोठतं. हे फुकटचं फिनिशिंग सोडायचं?

शिरोली_फाउंड्रीवाला: फुकट कसलं, त्यातच तर दिवस जातात! फोम विरळ ठेवला की कार्बनही कमी. आणि द्रव बर्फापेक्षा थोडा गरम, त्यामुळं मधल्या पोकळीत वाफ जास्त. गोळी कमी दाबली तरी चालते, लेझर जरा वाकडातिकडा बसला तरी निभावतं.

विद्यापीठ_फिजिक्स: कमी दाबली तर इंधन कमी जळतं, हे का गाळलंत? आधी फोमवाल्या गोळीतून दिलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा काढून दाखवा, मग लॉटचं बोलू. ज्या गोळीनं ती रेषा ओलांडली ती बर्फाचीच होती.

शिरोळ_ऊसवाला: लेझर चालवायला ग्रिडमधनं ३०० मेगाज्यूलच्या आसपास ओढले, ते कुणीच बोलंना. आमच्या मोटारीला लाईट रात्रीचीच येणार, फोम असू दे न्हाईतर बर्फ.

शिरोली_फाउंड्रीवाला: भावा, ते लेझर जुन्या पद्धतीचे, दिव्यांवर चालणारे. डायोडवाले बरेच कमी खातात. पण लेझर सुधारला तरी गोळीला दिवस लागणारच असतील, तर तो रिकामा कशावर मारायचा?

विद्यापीठ_फिजिक्स: हा मुद्दा मान्य. कार्बनचा अजून नाही.