द्राक्षाच्या काड्यांचं दारावरचं कडं (रीथ): दिवाळीच्या कार्यशाळेसाठी माप, साहित्य आणि बांधणी

हिरवी_ओंजळ (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या बागप्रेमी मंडळाची दिवाळीआधी कार्यशाळा आहे. चोवीस जण, अडीच तास. दारावर लावायचं गोल कडं, ज्याला रीथ म्हणतात ते, करायचं ठरलंय. थर्माकोल, प्लास्टिकची पानं, चमकी यातलं काही नको. सण झाल्यावर सगळं कंपोस्टात गेलं पाहिजे. तासगावकडे ऑक्टोबर छाटणी सुरू झाली आहे, म्हणून सांगाड्याला द्राक्षाच्या काड्या घ्याव्यात असं मनात आहे.

काडी किती जाड, किती लांब आणि एका कड्याला किती लागतात? भिजवायच्या का? झेंडू थेट कड्यावर बांधला की दोन-तीन दिवसांत काळा पडतो आणि शेजारच्या धान्याच्या सुक्या ओंब्यांनाही बुरशी धरते, त्याला काय करायचं? बाजरीची कणसं लावली तर किडे होतात का? शिवाय मिरजेच्या दोघींना हेच कडं पुढे नाताळला वापरायचं आहे. जमेल का?

काडीवाला_तासगाव

ताई, कड्यासाठी उत्तम काडी मिळते ती एप्रिलच्या खरड छाटणीत. तेव्हा वर्षभराची पक्की काडी बुडाजवळून कापतात. ती चार ते सहा फूट लांब आणि पूर्ण तपकिरी असते. ऑक्टोबरच्या फळछाटणीत घड काडीवरच्या ज्या डोळ्यांतून (कोंबांच्या कळ्यांतून) येणार ते वेलीवरच ठेवायचे असतात, त्यामुळे तुमच्या हातात फक्त शेंड्याकडचा तुकडा येतो. तो दीड ते तीन फूट, बारीक आणि कधीकधी अर्धा कच्चा. चालतो, पण माप बदलतं. पुढच्या वर्षी करायचं असेल तर एप्रिलमध्येच कडी वळून टांगून ठेवा.

निवडताना साल पाहा. तपकिरी साल म्हणजे पक्की काडी. हिरवी काडी सुकल्यावर सुरकुतते, काळी पडते आणि कडं ढिलं होतं. जाडी पेन्सिलीएवढी, त्याहून जाड नको. बारीक भुशासारखी पावडर गळणारी किंवा भोक असलेली काडी बाजूला टाका, आत कीड असते.

काड्या छाटणीच्या दिवशीच उचला आणि काडीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांवर पेस्ट लावायच्या आधी बागेतून बाहेर पडा. पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड आपल्या कातडीला आणि डोळ्यांना फार वाईट. पानं तिथेच ओरबाडून टाका, फवारणीचा बराचसा अंश पानांवर असतो. काडीवर निळसर-पांढरे डाग दिसले तर ते बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे. ओल्या गोणपाटाने घासून धुऊन घ्या. हातमोजे घातलेले बरे.

मोजणी अशी. बारा इंची पातेल्याभोवती वळलेलं कडं बाहेरून चौदा-पंधरा इंच भरतं. एका वेढ्याला साधारण ३८ इंच लागतात, म्हणजे तीन फुटी काडीचा एक वेढासुद्धा पुरा होत नाही. एका कड्याला १२ ते १४ काड्या धरा. चोवीस कड्यांना सव्वातीनशे, वर मोडतोड धरून पावणेचारशे. एका वेलीवर तीस-पस्तीस काड्या असतात, तेव्हा दहा-बारा वेलींत काम होतं. बागायतदाराला आधी सांगून ठेवा, नाहीतर काड्या कुट्टी होऊन सरीत पडतात.

वळायची पद्धत. चार काड्या घ्या, एकीचं बूड दुसरीच्या शेंड्याशी, सांधे एकाच जागी येऊ देऊ नका. पालथ्या पातेल्याभोवती वळवून तीन जागी बांधा. मग उरलेली एकेक काडी या गाभ्याभोवती पिळासारखी गुंडाळत जा, दोन पिळांत तीन बोटं अंतर. प्रत्येक काडीची सुरुवात वेगळ्या जागी, पण गुंडाळायची दिशा सगळ्यांची एकच. दिशा बदलली की पीळ एकमेकांना सैल करतात. टोक आधीच्या पिळाखाली खोचायचं. काडी मोडते ती बहुतेक पेरावर (गाठीवर), म्हणून दोन्ही अंगठे दोन पेरांच्या मध्ये ठेवून हळू वाकवा. ताणे (वेलीचे कुरळे तंतू) काढू नका, शोभा त्यांचीच असते.

सुकी_फुलं_सातारा

काडीवाल्या दादांचं बरोबर आहे. त्यात एकच भर: कडी कार्यशाळेत वळायला घेऊ नका. अडीच तासांत वळणं आणि सजवणं दोन्ही होत नाही, आणि ओल्या कड्यावर सुका साज बांधला तर काडी आक्रसल्यावर सगळं लोंबतं. चार-पाच जणींनी आठ दिवस आधी कडी वळून सपाट जागी सावलीत ठेवावीत, वर पाट ठेवावा. वजन नसेल तर कडं सुकताना पापडासारखं वळतं.

आता झेंडूचं. ओलं आणि कोरडं एकत्र बांधणं हेच बुरशीचं मूळ आहे. झेंडूच्या बुडाशी जो हिरवा गोंडा असतो तो फार पाणी धरतो. पाकळ्या वरून सुकल्यासारख्या दिसतात, आत ओल तशीच राहते आणि शेजारची ओंबी ती ओढून घेते. म्हणून कडं दोन भागांत करा. सुका साज कायमचा, ताजा साज काढता-घालता येणारा.

सुका साज कड्याच्या वरच्या डाव्या बाजूला अर्धचंद्रासारखा बांधायचा, ताजी माळ खालच्या बाजूला. उलटं केलंत तर फुलांवर शिंपडलेलं पाणी ओंब्यांवर ठिबकतं. माळेसाठी कड्याच्या खालच्या अर्ध्या भागात चार ठिकाणी दोऱ्याचे फास कायमचे ठेवा. माळ त्यातून ओवायची, सुकली की काढून दुसरी. अर्ध्या भागाला मध्यम आकाराची बारा-पंधरा फुलं, म्हणजे सव्वाशे-दीडशे ग्रॅम झेंडू पुरे. आंब्याची पानंही ताज्याच बाजूला. चार दिवसांत ती गुंडाळतात, सुक्या साजात गेली की सगळं मळकट दिसतं.

सुक्या साजाला या दिवसांत आपल्याकडे काय मिळतं ते सांगते. जावळी-पाटणकडे भात पिवळा पडलेला असतो. लोंबी पूर्ण पिकायच्या थोडी आधी, दाणा दाबून घट्ट लागतो तेव्हा कापा. पुरती पिकली की दाणे गळतात. कोकणात नवान्नाला भाताची लोंबी, कुरडू आणि आंब्याचं पान दाराला बांधतातच, तेव्हा हे आपल्या दाराला नवं नाही. कुरडू खरिपाच्या रानात तण म्हणून हवं तेवढं उभं असतं, उपटून नेलं तर शेतकरी खूश. तुऱ्याच्या बुडाकडून बी गळायला लागायच्या आधी कापायचं, नाहीतर पायरीवर रोज काळं चमकदार बी झाडावं लागेल. बाजरीची कणसं आता ताजी. शाळूची (रब्बी ज्वारीची) मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि गव्हाच्या ओंब्याही उन्हाळ्याच्या तोंडाला, त्यांची दिवाळीत आशा नको. मक्याची सालं कणीसवाल्याकडून मागून आणा. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवली की कापडासारखी वळतात.

सुकवायचं उलटं टांगून, अंधाऱ्या आणि वारा खेळत्या खोलीत. सहा-आठ देठांची जुडी, त्याहून मोठी केली तर मध्ये कुजते. कुरडू आणि लोंबी आठवड्यात, कोंबड्याची तुरेदार फुलं आणि झेंडू दोन आठवड्यांत. उन्हात टांगलंत तर लवकर वाळतं पण रंग उडतो.

कड्याचा बाहेरचा घेर ४४ इंच. सहा-सात इंची जुड्या तीन-तीन इंचांवर, पुढची मागचीच्या देठावर चढवून बांधायच्या. पूर्ण घेराला पंधरा, अर्धचंद्राला सात-आठ. एका जुडीत तीन लोंब्या, दोन कुरडू, एखादं कणीस किंवा मक्याच्या सालाचं फूल. पूर्ण गोल भरू नका. माल दुप्पट लागतो आणि काडीचा पीळ झाकला जातो. तो झाकायचाच असेल तर पुठ्ठ्याचं कडं काय वाईट?

हिरवी_ओंजळ (सांगली)

वा, आठ दिवस आधी कडी करायचं ठरवलं. दोन शंका. एक, भिजवायचं राहिलं. दोन, काही जणींच्या परसात गुळवेल भरपूर आहे, काड्या कमी पडल्या तर तिचं कडं चालेल का? आणि बांधायला काय?

काडीवाला_तासगाव

छाटल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वळणार असाल तर भिजवायची गरज नाही. तीन-चार दिवस पडलेली काडी रात्रभर हौदात बुडवा, वर दगड ठेवा, ती तरंगते. चोवीस तासांपुढे ठेवू नका, साल सुटते आणि बुळबुळीत होते. एप्रिलपासून ठेवून कडकडीत वाळलेल्या काड्यांना गरम पाणी लागतं.

गुळवेल वाकते छान, पण ती मरत नाही. तोडलेला वेल भिंतीवर टांगून ठेवला तरी फुटतो. दिवाळीत कड्याला कोंब आलेले कुणाला आवडत असतील तर हरकत नाही. तिच्यापेक्षा निरगुडीच्या फोका घ्या. धान्याच्या कणग्या त्यांच्याच विणतात. मधुमालतीचा वेलही चालतो. बोगनवेल नको, काटे. सगळंच हुकलं तर बुरडाकडून बांबूच्या कामट्यांची कडी करून घ्या.

परसबाग_मिरज

बांधायला केळीचं सोपट, म्हणजे खोडाचे पदर. चिरून बोटभर रुंद पट्ट्या काढायच्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. कोरडी पट्टी गाठ मारताना तुटते. दर तीन जुड्यांना एक गाठ बारीक सुतळीची घाला, सोपटाने सगळा भार धरू नये. बांधकामाची काळी तार वापरू नका. ओल्या काडीवर गंजते आणि डाग भिंतीवर उतरतो.

ग्लू गन मंडळात कुणीतरी आणणारच. ती कंपोस्टात जात नाही हे एक, आणि पश्चिमेच्या दारावर दुपारच्या उन्हात डिंक मऊ होऊन जड वस्तू खाली येतात हे दुसरं. सुरूच्या झाडाची फळं, शिरीषाच्या शेंगा, कापसाची बोंडं दोऱ्यानेच बांधा. सुरूच्या फळाला खालच्या खवल्यांच्या फटीत दोरा फिरवला की पक्कं बसतं.

कणसांना किडे होतात. दाण्यात सोंडे किंवा पाखरांची अंडी आधीपासूनच असतात. घट्ट पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घरातल्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर थंड दाण्यावर बाहेरची दमट हवा पाणी धरते आणि किडे गेले तरी बुरशी येते. फ्रीजर नसेल तर काळ्या ताडपत्रीवर दोन-तीन कडक उन्हं द्या, रंग थोडा फिका होईल. चिमण्या आणि खारी येणारच. ते नको असेल तर बाजरी टाळून नुसती कुरडू आणि सालांची फुलं घ्या.

टाळायच्या वस्तू: बिब्बा (तेलाने कातडी भाजते), गुंजा (बी विषारी, घरात लहान मूल असेल तर विचारही नको), कण्हेर, रुई (चीक डोळ्यात गेला तर दवाखाना). गाजर गवताची पांढरी फुलं लांबून नाजूक दिसतात आणि कुणीतरी हमखास मुठीने आणतं. कातडीला चट्टे आणि शिंका दोन्ही. दारातच थांबवा.

सुकी_फुलं_सातारा

परसबाग, यादीत आणखी एक. साहित्य गोळा करायला सहल काढायची टूम निघते. कास पठारावर नको. ते २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथलं एक फूलही तोडायचं नाही. चांदोली आणि सागरेश्वरमधूनही काही उचलायचं नाही, खाली पडलेल्या शेंगासुद्धा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यातलं काहीही परवानगीवाचून बाहेर नेता येत नाही. शेताचा बांध, रस्त्याकडेचा शिरीष आणि स्वतःची बाग यांत चोवीस कडी आरामात होतात. आपट्याच्याही फांद्या ओरबाडू नका. दसऱ्याला घरात आलेली पानं वहीत दाबून ठेवली असतील तर तीच लावा.

नाताळचं सोपं आहे. दिवाळीनंतर झेंडूची माळ काढून टाका आणि कडं कापडी पिशवीत, कोरड्या जागी, चार कडुनिंबाच्या सुक्या पानांसोबत आडवं ठेवा. डिसेंबरात त्याच फासांत मोरपंखीच्या आणि सुरूच्या झाडांच्या ताज्या डहाळ्या खोचा. दहा-बारा डहाळ्या, वीतभर लांब. मोरपंखी थंडीत दोन आठवडे हिरवी राहते. सिल्व्हर ओकचं पान उलटं लावलं तर खालची रुपेरी बाजू दिसते, ती सुकल्यावरही टिकते. मेणबत्त्यांचं अ‍ॅडव्हेंट कडं करायचं असेल, नाताळआधीच्या चार रविवारच्या चार मेणबत्त्यांचं, तर मात्र हे सुकं कडं टेबलावर आडवं ठेवून त्यात मेणबत्त्या रोवू नका.

परसबाग_मिरज

तेच पणतीलाही लागू. सुकी लोंबी आणि मक्याचं साल क्षणात पेट घेतं. कडं दाराच्या वरच्या भागात आणि पणत्या उंबऱ्याच्या दोन बाजूंना, कड्याच्या थेट खाली एकही नाही. चमक यावी म्हणून काही जणी वरून हेअर स्प्रे मारतात, तो ज्वालाग्राही असतो. मारलाच तर पूर्ण वाळल्यावरच दिवा लावा.

हिरवी_ओंजळ (सांगली)

शेवटची शंका. फ्लॅटच्या दाराला खिळा मारता येत नाही. दुहेरी टेपने धरेल?

काडीवाला_तासगाव

टेप सोडा. काडीचं कडं सुकल्यावर हलकं होतं, पण ताज्या माळेसकट पाऊण किलोच्या आसपास जातं आणि ओलाव्याने टेप सुटतो. दाराच्या वरच्या कडेवरून दोन बोटं रुंद कापडी पट्टी घ्या. आतल्या बाजूला पट्टीला लाकडाचा तुकडा बांधायचा, म्हणजे दार लावलं की तो अडकून बसतो. बाहेरच्या टोकाला कडं. पट्टी जाड घेऊ नका, दार घासतं. आणि माळ कड्याला पट्टीच्या रेषेत, बरोबर मध्यावर तोलून बांधा. तोल गेला की दार उघडताना कडं फिरतं आणि लोंब्या दाराच्या कडीकोयंड्यात अडकतात.