सहकाऱ्यांना शिकवणाऱ्या ग्रंथपालांचा गौरव कसा करावा?

प्रश्न – कार्यवाह, ‘ब’ वर्ग वाचनालय, देवगड तालुका
आमच्या ग्रंथपाल बाई दर रविवारी आसपासच्या ‘ड’ वर्ग (शासकीय वर्गवारीत सर्वांत खालच्या, म्हणजे लहान) वाचनालयांतील सेवकांना दाखल नोंदवही (वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद), दशांश वर्गीकरण (विषयानुसार अंक देऊन पुस्तके लावण्याची पद्धत) आणि अलीकडे ‘कोहा’ ही ग्रंथालयाच्या कामाची संगणकप्रणाली विनामोबदला शिकवतात. १२ ऑगस्टला, म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीला, त्यांचा सत्कार करावा असे कार्यकारिणीत ठरले आहे. शाल-श्रीफळाच्या पलीकडे काय करता येईल?

उत्तर – निवृत्त ग्रंथपाल, रत्नागिरी
राज्य शासनाचा डॉ. रंगनाथन यांच्या नावाचा ग्रंथमित्र पुरस्कार आहे. त्यासाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. मात्र प्रस्ताव लिहिताना आपण ग्रंथसंख्या, सभासदसंख्या आणि कार्यक्रमांची छायाचित्रे यांनीच पाने भरतो (मीही हेच करीत आलो), आणि दुसऱ्या वाचनालयातल्या सेवकाला घडवण्याचे काम त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून जे शिकले त्यांच्याकडूनच एकेक पान लिहून घ्यावे : पूर्वी काय अडत होते, आता कोणते काम स्वतः करता येते. ‘बाई फार प्रेमळ आहेत’ अशी वाक्ये त्यात नसली तरी चालतील.

उत्तर – ग्रंथालय सेवक, चिपळूण
जुलै २०२१ च्या पुरानंतर भिजलेली पुस्तके कडक उन्हात न टाकता पानांमध्ये टीपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायची, हे मला कोणत्याही अभ्यासक्रमाने नव्हे, तर २००५ चा पूर पाहिलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शिकवले. त्याचा सत्कार झाला, पण दुसऱ्या गावी शिकवायला गेला की रजा त्याच्याच खात्यातून कापली जात असे. आमच्यासारख्यांच्या तुटपुंज्या पगारात एस.टी.चे भाडेही जाणवते. तेव्हा महिन्यातून एक दिवस शिकवण्याचे काम कर्तव्यावरचे मानावे आणि प्रवासखर्च द्यावा, असा ठराव करून त्याची प्रत बाईंच्या हाती द्यावी. शाल खुशाल द्या, पण ती दुय्यम.

प्रश्नकर्ते
रविवार हा बाईंचा सुट्टीचा दिवस आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. ठरावाचा मसुदा पुढच्या सभेत ठेवतो. शिकणाऱ्यांची पाने मागवण्याचे कामही सुरू केले आहे. पहिले पान जामसंड्याहून आले असून त्यात अर्ध्याहून अधिक मजकूर दाखल नोंदवहीतील जुन्या चुकांविषयीच आहे.