२३व्या वर्षी धावणं सोडून सायकल रेसिंग? रोग्लिचचं उदाहरण धरायचं का?

अनवाणी_८००
मी ८०० आणि १५०० मीटर धावतो, म्हणजे धावायचो. नडगीच्या हाडाला पुन्हा बारीक भेग गेली आणि डॉक्टरांनी पळणं बंद केलं. नुसतं बसवेना म्हणून सायकल धरली, तर चढावर क्लबातली मुरलेली मंडळी मागे पडायला लागली. त्यातलेच एक काका म्हणतात, "रेसचं डोक्यातून काढ, सायकलवाला बारा-तेराव्या वर्षीच घडतो." मग आधी स्की जंपर, म्हणजे बर्फाळ उतारावरून लांब झेप घेणारा खेळाडू, असलेला सायकलपटू रोग्लिच कसा घडला? की तो अपवाद, आणि आपण त्याच्या नावाने उगाच मनात मांडे खायचे?

घाटातला_शेवटचा
काकांचं अर्धं बरोबर आहे. कुठलं अर्धं ते सांगतो.

प्रिमोझ रोग्लिच २००७ मध्ये इटलीतल्या तार्विझिओला स्लोव्हेनियाच्या संघातून स्की जंपिंगचा ज्युनिअर जगज्जेता झाला. त्याच वर्षी स्लोव्हेनियातल्या प्लानित्साच्या उंच टेकडीवरून झेप घेताना जबर आपटला. त्यानंतरही काही वर्षं रेटलं, पण सीनिअरमध्ये जम बसेना. २०१२ मध्ये सायकलकडे वळला तेव्हा तो २२ वर्षांचा होता, म्हणजे जवळपास तुझ्याच वयाचा. आधी आद्रिया मोबिल हा घरचा छोटा संघ, २०१६ ला मोठ्या संघात, आणि त्याच वर्षी जिरोतली, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या रेसमधली, टाइम ट्रायल (एकेकाने घड्याळाविरुद्ध चालवायची) जिंकली. पुढच्या वर्षी टूरमध्ये, म्हणजे टूर द फ्रान्समध्ये, आल्प्समधला गालिबिए घाट ओलांडून स्टेज (एका दिवसाचा टप्पा) मारली. मग चार वेळा वुएल्टा (स्पेनची तशीच मोठी रेस), टोकियो ऑलिम्पिकचं टाइम ट्रायल सुवर्ण, २०२३ चा जिरो.

आता बघ, स्की जंपिंगमध्ये दमसासाचा प्रश्नच येत नाही, सगळा खेळ काही सेकंदांचा. म्हणजे त्याचा दम आधीपासूनच असणार, तिथे त्याला कुणी विचारत नव्हतं इतकंच. त्या खेळातून आलं ते हलकं अंग, पायातला झटका आणि एकाच प्रयत्नात सगळं लावायची सवय. माझ्या मते ही सवय सगळ्यात कामाची. २०२३ च्या जिरोतली शेवटून दुसरी स्टेज शोधून बघच. मोंते लुसारीची डोंगरी टाइम ट्रायल, आणि सुरुवात कुठून? तार्विझिओहूनच! तोवरच्या एकूण वेळेत ब्रिटनचा गेरेंट थॉमस २६ सेकंदांनी पुढे होता. वर छातीवर येणाऱ्या चढावर रोग्लिचची चेन पडली. गडी उतरला, हाताने चेन बसवली, आणि मागून धक्का देऊन ज्याने चालतं केलं तो प्रेक्षकांतला माणूस निघाला मित्या मेझनर, त्याचा स्की जंपिंगमधला जुना साथीदार. एवढं होऊनही थॉमसपेक्षा ४० सेकंद कमी घेतले आणि जिरो १४ सेकंदांनी घेतला. कुणी गोष्ट म्हणून लिहिली असती तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

पण हे सगळं एकट्याने चालवताना. गटात काय? २०२१ ची टूर तिसऱ्याच स्टेजला पडून हातची गेली. २०२२ ला खांदा निखळला, तो रस्त्याकडेच्या प्रेक्षकाच्या खुर्चीवर बसून स्वतःच बसवला. २०२४ ला पुन्हा पडून घरी. दीडशे जणांत कोपर लावून चालवणं, पुढच्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर राहणं, कोण कधी ब्रेक दाबेल याचा वास येणं, हे पोरं लहानपणी शिकतात. काकांचं बरोबर असलेलं अर्धं ते हे.

चेन_तेल
पडण्याचं खापर उशिरा येण्यावर फोडू नका राव. २०२१ च्या त्याच तिसऱ्या स्टेजला थॉमसचाही खांदा निखळला होता, आणि तो लहानपणापासून सायकलवर. पहिल्या आठवड्यात अरुंद रस्त्यांवर सगळेच पुढे घुसतात, पडायचा तो पडतो.

बाकी धावपटूला स्की जंपर कशाला हवा? मायकल वुड्स बघ. कॅनडाचा, मैल चार मिनिटांच्या आत पळायचा, पायाचं हाड पुन्हा पुन्हा मोडून तो सायकलवर आला. मोठ्या संघात पोचला २०१६ ला, तिशीला टेकला होता. २०१८ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, आणि २०२३ ला ३६ व्या वर्षी टूरमध्ये फ्रान्सच्या पुय द डोम डोंगरावर स्टेज.

घाटातला_शेवटचा
थॉमसचा मुद्दा मान्य. पण वुड्सने माझंच म्हणणं उचललं की! पुय द डोमला मागून एकेकाला गाठत वर गेला, शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात पुढे एकटा असलेल्या जॉर्गेन्सनला मागे टाकलं. अमेरिकेची क्रिस्टन फॉकनरही रोइंगमधून (नौकानयनातून) आलेली. पॅरिस ऑलिम्पिकच्या रोड रेसमध्ये पुढच्या दोघींना गाठल्या गाठल्या शेवटच्या तीनेक किलोमीटरवर सुटली आणि सुवर्ण घेतलं. गटाची स्प्रिंट लागलीच नाही. उशिरा आलेले जिंकतात ते असे, गटातून सुटून एकट्याने.

अनवाणी_८००
म्हणजे चढावर जोर आहे म्हणून नुसते घाट मारत बसू नये?

घाटातला_शेवटचा
घाट कमी कर. आठवड्यातून एकदा तरी गटातच चालव, आणि मागे लोंबकळू नकोस, मधोमध राहा. तिथे घाम फुटेल, भीतीने. उतार एखाद्या जाणत्याच्या मागे, त्याचीच लाइन (वळणातली वाट) धरून. पहिली रेस टाइम ट्रायल घे म्हणजे उमेद राहील.

आणि हाडाचं नुसतं पळणं बंद करून सोडू नकोस. भेगा परत परत येतात तेव्हा खाणं कमी पडतंय का ते डॉक्टरांना नीट विचार. सायकलवर हाडांवर भार पडत नाही, त्यामुळे ती आपोआप मजबूत होत नाहीत. नडगी पूर्ण भरली की डॉक्टरांच्या परवानगीने वजनं उचलायला लाग. काकांनाही घेऊन ये गटात, त्यांचं चाक धरायला बरं पडेल.