त्रुटी, चूक की एरर?

प्रश्न

मी नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात वेबपानं तपासायचं काम करते. पान बनवणारे वेगळे. मी ते व्हॅलिडेटरमधून, म्हणजे पान नियमाप्रमाणे लिहिलंय का ते तपासणाऱ्या प्रोग्राममधून, काढते आणि काय सापडलं ते लिहून कळवते. मागच्या महिन्यात एका पतसंस्थेचं पान आलं. अहवाल मराठीतच हवा होता. मी झोकात लिहिलं, "आपल्या पहिल्या पानावर ४१ त्रुटी आढळल्या. कृपया पुर्तता करावी." दुसऱ्या दिवशी तिथल्या व्यवस्थापकांचा फोन: "मॅडम, कोणकोणती कागदपत्रं जोडायची राहिली?"

आता सांगा, एररला नेमकं काय म्हणायचं? आणि वॉर्निंगला? आमच्यात "एरर देऊन राहिलं" एवढ्यावर काम भागतं, पण कागदावर ते कसं लिहू?

उत्तर

व्यवस्थापकांचं काही चुकलं नाही. माझी उभी नोकरी कचेरीत गेली. तिथे त्रुटी म्हणजे जे असायला हवं आणि नाही ते. दाखला जोडला नाही, सही राहिली, की टेबलावरचा माणूस त्रुटी काढतो आणि अर्जदार तिची पूर्तता करतो. जन्मतारीख चुकीची पडली असेल तर पूर्तता नाही होत, दुरुस्ती होते. मूळ धातूच 'त्रुट्', म्हणजे तुटणे. आपलं 'तुटणं' आणि अंदाजपत्रकातली 'तूट' त्याच घरातली.

(असे संस्कृत शब्द नागपूरच्या कचेऱ्यांना परके नाहीत. १९५६पर्यंत हे जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचं गाव, आणि कोशकार डॉ. रघुवीर इथेच राहून संस्कृत धातूंमधून राज्यकारभाराचे शब्द घडवत होते.)

तेव्हा ४१ची आधी वाटणी करा. जे नाही ती त्रुटी, जे भलतंच आहे ती चूक.

उत्तर

कचेरीवाल्या काकांची वाटणी मला पटली. मी मुद्रितशोधनाचं काम करतो. तुम्ही वेबपानातल्या ज्या खुणा तपासता, त्यांना म्हणतात तो 'मार्कअप' हा शब्द मुळात आमच्याच धंद्यातला. हस्तलिखितावर संपादक जुळाऱ्यासाठी खुणा करायचा, हा मथळा, इथे तिरपा टाइप. त्या खुणांचं नाव ते. संगणकावर तो नंतर गेला.

पण ताई, तुमचा घोळ नामापेक्षा क्रियापदात जास्त आहे. चूक 'काढणं', 'दाखवणं', 'धरणं' आणि 'कळवणं' या चार वेगळ्या गोष्टी. काढली म्हटलं की समोरच्याला ती उणीदुणी काढल्यासारखी लागते. धरली म्हटलं की हा टपूनच बसला होता. दाखवण्यात मास्तरकी येते. कळवली म्हणजे बातमी दिली, पुढचं तुमच्या हाती. तुमच्या प्रश्नातल्या 'पुर्तता'तला पू दीर्घ हवा, हे मी कळवतो आहे.

आणि 'आढळल्या' एवढ्यावर थांबू नका. आम्ही प्रुफावर नुसतं 'चुका आहेत' लिहिलं तर जुळारी आम्हाला हाकलून देईल. कुठे, काय, हे समासात आलंच पाहिजे.

उत्तर

मी पानं बनवणाऱ्यांपैकी, म्हणजे चुका माझ्याच असतात. दोन गोष्टी सांगतो.

एक, 'इनव्हॅलिड'ला कृपा करून 'अवैध' लिहू नका. आपल्याकडच्या पेपरात रेती अवैध असते नाहीतर दारू. "आपले पान अवैध आहे" वाचून पतसंस्थावाले वकील गाठतील. 'नियमाला धरून नाही' म्हणा.

दुसरी, ताई, ४१ हा आकडाच काऊन सांगता? टॅग म्हणजे पानाच्या कोडातली खूण. परिच्छेदाच्या पी टॅगमध्ये कोणी डिव्ह, म्हणजे पानाचा भाग पाडणारा टॅग, टाकला, की एचटीएमएलच्या, म्हणजे पान लिहायच्या भाषेच्या, नियमानं पी तिथेच मिटतो. मग खाली इमानदारीनं लिहिलेला पीचा बंद टॅग बेवारस ठरतो. खोट वरच्या ओळीत अन् बोंब खालच्या ओळीत! एखादा डिव्ह उघडा राहिला की तसंच. त्यातल्या मूळ चुका निवडा, बाकी त्यांची पिलावळ. आम्ही वरची पहिली दुरुस्त करतो, पान पुन्हा तपासतो, तेव्हा अर्धी यादी आपोआप गळते. ब्राउझर तर यातलं काहीच बोलत नाही, मुकाट्यानं सावरून घेतो. चुकलेल्या टॅगांचं काय करायचं हे त्याला एचटीएमएलच्या मानकातच सांगून ठेवलंय. म्हणून गिऱ्हाईक म्हणते, "पान तर बरोबर दिसून राहिलं, मग चूक कुठली?"

प्रश्नकर्ती

पिलावळ अहवालात घालता येणार नाही, पण शब्द ठेवून घेतला. 'पू' दुरुस्त केला. पुन्हा यादी चाळली तर ४१मधल्या मूळ गोष्टी ९च निघाल्या. आता असं लिहिलं आहे:

"ओळ ५८: चित्राला अल्ट मजकूर (चित्राचं शब्दांतलं वर्णन) नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला हे चित्र कशाचं ते कळणार नाही. (त्रुटी)

ओळ ११२ आणि १४०: एकच आयडी (पानातल्या एका भागाची ओळखखूण) दोनदा, म्हणजे दुबार. (चूक)

ओळ २: भाषा इंग्रजी म्हणून नोंदली आहे, मजकूर मराठी आहे. (चूक)"

तिसरी व्हॅलिडेटरनं वॉर्निंगमध्ये टाकली होती, मी चुकीत घेतली. मराठी पान इंग्रजी उच्चारात वाचून दाखवलं तर ऐकणाऱ्यानं काय करायचं?

'दुबार' मतदारयादीतून उचलला, व्यवस्थापकांना लगेच समजला. वॉर्निंगचं मात्र अडलंय. 'इशारा' लिहिला तर ते म्हणाले, "आंदोलन करता काय?"

उत्तर

'सूचना' लिहा. कचेरीत सूचनेला कोणी घाबरत नाही.

उत्तर

घाबरत नाही म्हणजे वाचतही नाही, काका. 'लक्ष द्यावे' असा रकानाच करा ना, नाम कशाला पाहिजे?