मदत हवी आहे: नवी ईएल८४ बसवल्यावर बायस जास्त येतोय

५ वॉटच्या गिटार ॲम्पमध्ये एक १२एएक्स७ (प्रीॲम्पची) आणि एक ईएल८४ (पॉवरची) अशा दोन व्हॅक्यूम ट्यूब आहेत. पेन्सिलीने टिचकी मारली की १२एएक्स७ स्पीकरमधून घंटीसारखी वाजायची. ती बदलली, ते थांबलं. मग ईएल८४ही बदलली. बायस (सिग्नल नसताना ट्यूबमधून वाहणारा करंट) कॅथोडवरच्या रेझिस्टरनेच ठरतो, त्यामुळे फिरवायला काही नाही, पण १३० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर आधी ६.५ व्होल्ट होते, आता ७.८ आहेत, म्हणजे ६० मिलिअँप. प्लेट ते कॅथोड २६२ व्होल्ट. स्क्रीन ग्रिडचे ५ मिलिअँप वजा करूनही प्लेटवर खर्च होणारी पॉवर १४ वॉटच्या वर जातेय, मर्यादा १२ची. अंधारात नीट पाहिलं, प्लेट लाल होत नाही. रेझिस्टर काढून मोजला, बरोबर आहे. ग्रिडवर ० व्होल्ट, म्हणजे कपलिंग कपॅसिटर (आधीच्या ट्यूबकडून सिग्नल आणणारा) गळत नाही. (फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करूनच हात घालतो.) दुसरी ईएल८४ हाताशी नाही. रेझिस्टर १५० की १८० ओहमचा टाकू, आणि त्याने आवाजात कितपत फरक पडेल?